पोर्ट्रेट काढताना घाई कुठे नडते? या चुका टाळा

शूटवरून घरी आलात, फोटो लॅपटॉपवर टाकले आणि ७००-८०० फ्रेम्समध्ये एकही अशी सापडेना की जी बघून वाटावं, हां, हाच तो माणूस. असं झालंय का कधी? माझं सुरुवातीची कित्येक वर्षं व्हायचं. फोकस बरोबर, एक्स्पोजर (फोटोतला उजेड) बरोबर, बॅकग्राउंड छान ब्लर, पण चेहरा मात्र बंद दरवाजासारखा. मला वाटायचं लेन्स कमी पडतेय, म्हणून लेन्स बदलली, तरी तेच. मग जुने फोटो नीट बसून बघितले तेव्हा लक्षात आलं की मी बटण दाबायच्या आधी काहीच ठरवत नव्हतो, कॅमेरा ठरवेल असं धरून चाललो होतो.

तर पहिली चूक हीच, कशासाठी काढतोय हे माहीत नसताना काढणं. समोरच्याला "कसे फोटो हवेत?" विचारलं तर तो "छान काढा" एवढंच म्हणणार, त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा विचारा की हा फोटो कुठे लागणार आहे, कोण बघणार आहे, आणि आधीचा एखादा स्वतःचा फोटो आवडला नसेल तर का नाही आवडला. या शेवटच्या प्रश्नाला लोक फार मोकळेपणाने उत्तर देतात. मग स्वतःसाठी एक वाक्य लिहून ठेवा, उदाहरणार्थ "कामात बुडालेला माणूस, नजर हातांकडे". एवढं एक वाक्य असलं की लाइट कुठून घ्यायचा, फ्रेम कमरेपर्यंत की नुसता चेहरा, माणसाने कॅमेऱ्याकडे बघायचं की नाही, हे सगळं आपोआप सुटत जातं.

दुसरी चूक बर्स्ट मोड, म्हणजे बटण दाबून धरलं की एकामागोमाग फोटो निघत राहतात तो. आताचे कॅमेरे सेकंदाला २०-२० फ्रेम्स काढतात आणि डोळे मिटतील या भीतीने आपण बोट दाबूनच ठेवतो. पण पापणी लवायला सेकंदाचा छोटासा भाग लागतो, दोन-तीन फ्रेम्स काढल्या की एकात डोळे उघडे मिळतातच. लहान मुलं किंवा मोठा ग्रुप असेल तर बर्स्ट जरूर वापरा, तिथे त्याचं काम आहे. पण एकटा माणूस समोर शांत बसलाय आणि शटर खडखडतंय, तर तो आवाज ऐकून ऐकून त्याचा चेहरा आखडतो. मला एका सवयीने फरक पडला. फिल्मच्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यात १२० नावाच्या रोलवर ६×६ सेंटीमीटरच्या फक्त १२ फ्रेम्स यायच्या, तसंच एका लाइट सेटअपला १२ च फोटो असं ठरवायचं आणि मेन्यूत जाऊन फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसतो तो प्रिव्ह्यू बंद करून टाकायचा. पहिल्या दिवशी हात शिवशिवतो, पण नजर समोरच्या माणसावर राहते.

आता यातली सगळ्यात मोठी गडबड, आणि ही बहुतेक हळू काम करायचं ठरवलेल्यांकडूनच होते. हळू करायचं म्हणून ते माणसाला खुर्चीवर बसवतात आणि मग लाइट हलव, सेटिंग बदल, परत लाइट हलव, असं वीस मिनिटं चालतं. तोवर त्या माणसाला वाटायला लागतं की आपल्यातच काहीतरी गडबड आहे. पाठ दुखते, हसू वाळून जातं आणि मग आपण म्हणतो, क्लायंट खुलतच नाही! सावकाश करायची ती तयारी, तीही माणूस यायच्या आधी. त्या खुर्चीवर मित्राला बसवा, कोणीच नसेल तर स्वतः बसून टायमर लावा, आणि लाइट हलणार नसेल तर एक्स्पोजर मॅन्युअलवर लॉक करून टाका. खिडकीचा उजेड असेल तर एक लक्षात ठेवा, माणूस खिडकीजवळून थोडा मागे सरकला तरी उजेड झपाट्याने कमी होतो, म्हणून खुर्चीची जागा जमिनीवर टेपने खूण करून ठेवलेली बरी. १८४० च्या आसपास डॅगेरोटाइपवर (धातूच्या पत्र्यावर फोटो काढायची सुरुवातीची पद्धत) पोर्ट्रेट काढताना कित्येक सेकंद, कधी मिनिटभरही हलायची सोय नसायची, डोकं स्थिर राहावं म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावायचे. आपल्याला १/२०० सेकंद पुरतो, मग समोरच्याला ताटकळत का ठेवायचं?

लेन्स कायम पूर्ण उघडी ठेवणं हीपण न विचार करता होणारी गोष्ट. ८५ एमएम लेन्स, एफ १.४ (एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडी), दीड मीटर अंतर, फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, एवढ्यात शार्प भाग जेमतेम अडीच सेंटीमीटरचा मिळतो. मान जरा वळली की एक डोळा शार्प आणि दुसरा गेला. तुम्हाला तेच हवं असेल तर खुशाल ठेवा, नाहीतर एफ २.८ किंवा ४ वर या. दोन्ही डोळे आणि ओठ नीट येतात, बॅकग्राउंड तरीही मऊ राहतं. आणि नाक मोठं दिसतंय अशी तक्रार आली तर आधी अंतर बघा, कारण ते तुम्ही फार जवळ गेल्यामुळे होतं. माणसापासून दीड-दोन मीटरवर जा आणि मग फ्रेमला साजेशी लेन्स लावा.

सूचनांचंही तसंच. हनुवटी खाली, खांदा इकडे, डोळे इथे, आता हसा, असं एका दमात सांगितलं की समोरचा पाठांतर करत बसतो. एका वेळी एकच सांगा, शक्यतो स्वतः करून दाखवा, आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणं मला सगळ्यात अवघड गेलं. एखादा प्रश्न विचारायचा, उत्तर पूर्ण होऊ द्यायचं आणि ते संपल्यावर जो क्षणभर थांबा येतो ना, चेहरा तेव्हा खरा असतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असेल तर तुम्हीही त्याच्या डोळ्यात बघून बोलू शकता, मध्ये व्ह्यूफाइंडर येत नाही.

फोटो निवडायची घाईही नको. डेडलाइन नसेल तर एक रात्र जाऊ द्या, कारण शूटच्या दिवशी आपल्याला मेहनत जास्त घेतलेला फोटो चांगला वाटतो. स्किन एडिट करताना आज आलेली पुटकुळी काढा, पण तीळ, जुना व्रण, सुरकुत्या यांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि शूट संपलं म्हणून लगेच लेन्सला कॅप लावू नका. "झालं" म्हटल्यावर माणूस खांदे सोडतो, मोठा श्वास घेतो, स्वतःशीच हसतो. तेव्हा "अजून एक घेऊ का, असेच बसा" एवढं विचारा. माझ्याकडचे कितीतरी आवडते फोटो त्या मिनिटातले आहेत.