पावसाळी हवेत स्फिअर गॅपचे ब्रेकडाउन व्होल्टेज कसे मोजावे

स्फिअर गॅप म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या धातूच्या दोन गोलांमधली हवेची फट; ज्या व्होल्टेजला तिच्यात स्पार्क पडतो, ते तिचे ब्रेकडाउन व्होल्टेज. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हाय व्होल्टेजचे काम करणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : एवढ्या दमट हवेत घेतलेले रीडिंग खरे धरायचे का? ते धरता येते; मात्र ओलावा हवेत आहे की पृष्ठभागावर, हे आधी वेगळे करावे लागते. हवेतली वाफ मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवते, त्यामुळे गोलांमधल्या स्वच्छ हवेचे ब्रेकडाउन व्होल्टेज किंचित वाढतेच. ते घसरते, ते गोलांवर आणि आधाराच्या इन्सुलेटरवर बसलेल्या ओलसर, खारट थरामुळे.

म्हणून पहिले काम पुसण्याचे. 10 सेंमी व्यासाचे गोल स्पिरिटमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावेत, कोरडे होऊ द्यावेत आणि मगच अंतर 1 सेंमी ठेवावे. वास्कोच्या एका वर्कशॉपमध्ये मी चतुर्थीच्या सुट्टीनंतर न पुसताच रीडिंग घेतली होती; आकडे 26 ते 30 किलोव्होल्टच्या मध्ये भरकटत राहिले आणि अर्धा दिवस मी ट्रान्सफॉर्मरलाच दोष देत बसलो. बोट फिरवले, तेव्हा गोलावर चिकट लागले.

गोलांचा पृष्ठभाग स्पार्कने खडबडीत होऊ नये म्हणून सर्किटमध्ये 0.1 ते 1 मेगाओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडावा. सुरुवातीचे काही स्पार्क सोडून द्यावेत. त्यानंतर व्होल्टेज सावकाश चढवत, दोन स्पार्कमध्ये निदान 30 सेकंद ठेवून, सलग 10 रीडिंग घ्यावीत आणि त्यांची सरासरी काढावी; त्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीभोवतीचा विखुरलेपणा, सरासरीच्या 1 टक्क्याहून अधिक आले, तर पुन्हा पुसण्यापासून सुरुवात करावी. मीटर आरएमएस (एसी व्होल्टेजचे परिणामी) मूल्य दाखवतो, तर स्पार्क शिखर (लाटेच्या सर्वोच्च) मूल्यावर पडतो, तेव्हा रीडिंगला 1.414 ने गुणायला विसरू नये. बहुतेकांची चूक इथेच होते.

आता तुलना. 20 अंश सेल्सिअस, 101.3 किलोपास्कल आणि प्रति घनमीटर 8.5 ग्रॅम वाफ या प्रमाण स्थितीत या गॅपचे स्फिअर गॅपच्या प्रमाण कोष्टकातले मूल्य सुमारे 31.7 किलोव्होल्ट शिखर आहे. समजा, खोलीत 28 अंश तापमान, 100.5 किलोपास्कल दाब आणि 23 ग्रॅम वाफ आहे. हवेची सापेक्ष घनता (प्रमाण स्थितीच्या तुलनेतली) म्हणजे, तापमान केल्व्हिनमध्ये घेऊन, (100.5 ÷ 101.3) × (293 ÷ 301), अर्थात 0.966. आर्द्रतेचा गुणक 1 + 0.002 × (23 ÷ 0.966 − 8.5), म्हणजे 1.031. दोहोंचा गुणाकार 0.996, आणि अपेक्षित मूल्य सुमारे 31.6 किलोव्होल्ट. उष्णतेने विरळ झालेल्या हवेत जे गमावले, ते वाफेने जवळजवळ परत दिले. म्हणून केवळ तापमान आणि दाब यांची दुरुस्ती करून थांबणाऱ्याचा हिशेब तीन टक्क्यांनी चुकतो.

हा हिशेब हवेचा आहे. हवेऐवजी इन्सुलेशनसाठी वापरल्या जाणाऱ्या सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे ब्रेकडाउन व्होल्टेज त्याच दाबाला हवेच्या सुमारे अडीचपट असते. पण त्याची चाचणी बंद टाकीतच करावी आणि वायू परत ओढून घ्यावा, कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून अधिक तापमानवाढ घडवतो.

गॅपचे अंतर बदलण्यापूर्वी सप्लाय तोडावा, हाय व्होल्टेजच्या गोलाला जमिनीशी जोडलेला अर्थ (earth) रॉड टेकवावा आणि हात बाहेर येईपर्यंत तो तिथेच लटकत ठेवावा.