युरिया की सिनॅमिक आम्ल? द्रवणांकावरून खात्री

दोन्ही वितळतात १३३ अंशांच्या आसपास, म्हणून नुसत्या आकड्यावर विसंबू नका. अनोळखी पावडरीत शुद्ध युरिया समभाग घोटा. द्रवणांक बराच खाली घसरला, तर ती युरिया नाही. तुलनेसाठी शेतातल्या गोणीतला युरिया मात्र चालत नाही. त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो.

विदर्भातल्या गावाकडच्या प्रयोगशाळेत पावसाळ्यात पावडर हमखास ओल धरते आणि लवकर पाझरू लागते. आधी डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या हवाबंद भांड्यात) सुकवा. केशनळीत (केसासारख्या बारीक काचेच्या नळीत) २-३ मिमीच ठासून भरा. ११५ अंशांपर्यंत भरभर तापवा, मग मिनिटाला १-२ अंशच. पहिला थेंब दिसला तो आणि सगळं पारदर्शक झालं तो, असे दोन्ही आकडे लिहा. शुद्ध पदार्थात फरक २ अंशांच्या आत राहतो. वितळलेली नळी पुन्हा वापरू नका.