परदेशातून स्कूबाचं सामान मागवताय? या चुका टाळा

इनव्हॉइसवर ‘स्पोर्ट्स गुड्स, १ बॉक्स’ एवढंच लिहून घेणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. तरीही पावसाळा सरून तारकर्ली-मालवणचा समुद्र निवळायला लागला की अशी पार्सलं येतच राहतात.

असं एक खोकं डोळ्यांसमोर आणा. आत रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाला आणून देणारं उपकरण), प्रेशर गेज, फिन्स, मास्क, स्नॉर्केल, ३ मिमीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) आणि टॉर्च. ज्यावरून कस्टम्स वस्तू ओळखून शुल्क ठरवतं, तो कोड विक्रेत्याने सगळ्याला मिळून एकच टाकलाय: ९५०६, म्हणजे खेळाचं साहित्य. एक्स-रेमध्ये होजेस लावलेला पितळेचा जड गोळा दिसतो आणि खोकं बाजूला काढलं जातं. ही वस्तू काय, ती हवा देते का, कपडा कशाचा आहे, प्रत्येकाची किंमत किती, अशी कस्टम्सची क्वेरी येते. तुमच्याकडे कॅटलॉग नसतो. विक्रेत्याला मेल करता, तर तिकडे शनिवार-रविवार. इकडे गोदामभाडं चढत राहतं. सोमवारी नवा इनव्हॉइस येतो, पण त्यातही सगळ्याची मिळून एकच किंमत.

मुळात खोक्याला कोड नसतो, वस्तूला असतो. रेग्युलेटर हे श्वसनाचं उपकरण, ते ९०२० मध्ये जातं. प्रेशर गेज ९०२६ मध्ये, टॉर्च ८५१३ मध्ये. फिन्स आणि स्नॉर्केल खरोखरच ९५०६ चे. पोहण्याचा गॉगल मात्र ९००४ चा. डायव्हिंग मास्क या दोन्हींच्या सीमेवर येतो, म्हणून त्याचं वर्णन नीट लिहा: टेम्पर्ड काच, सिलिकॉनचा स्कर्ट, नाक आत झाकणारा.

वेटसूटच्या बाबतीत सगळेच घसरतात. खेळात वापरतात म्हणून तो कस्टम्सच्या शुल्कसूचीच्या ९५ व्या प्रकरणात (९५ ने सुरू होणारे कोड) जाईल असं वाटतं, पण त्या प्रकरणाच्या टिपांनीच कापडी क्रीडा-पोशाख बाहेर ठेवलेले आहेत. निओप्रीनच्या, म्हणजे वेटसूटच्या फुगीर रबराच्या, दोन्ही बाजूंना विणलेलं कापड असेल तर ६११३ बघायचा. नुसतं रबर असेल, किंवा फक्त मजबुतीसाठी एका बाजूला कापड असेल, तर ४०१५. म्हणून कापड दोन्ही बाजूंना असेल तर ‘डबल लायनिंग’ हे दोन शब्द इनव्हॉइसवर हवेतच. बूट ६४ व्या प्रकरणात. सुट्या ओ-रिंग (गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या) ४०१६ मध्ये. डाइव्ह कॉम्प्युटर मनगटावर बांधतात म्हणून त्याला घड्याळ लिहू नका. तो दाब मोजून खोली आणि डीकॉम्प्रेशनची, म्हणजे वर येताना थांबायची, वेळ काढतो, तसंच लिहा.

‘सगळं मिळून एक सेट आहे’ ही पळवाट चालत नाही. मास्क, स्नॉर्केल, फिन्स एकाच पिशवीत विक्रीसाठी मांडलेले असतील तर तो सेट. तुम्ही निवडून एकत्र भरलेलं सामान सेट होत नाही.

ऑर्डर देण्याआधी तक्ता करा: वस्तू, काम, साहित्य, संख्या, किंमत, कोड. सोबत उत्पादकाच्या माहितीपत्रकाचं एकेक पान. पैसे भरण्याआधी सीएचएला (कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटला) दाखवा, खोकं अडकल्यावर नाही. डाइव्ह सेंटरसाठी सारखा माल येणार असेल आणि कोडवर वाद असेल, तर मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रुलिंग प्राधिकरणाकडे आधीच निर्णय मागता येतो. घाई असलेली मंडळी हे टाळतात आणि दर खेपेला तोच वाद नव्याने घालत बसतात.

किमतीचा खेळ तर अजिबात नको. शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर बसत नाही, त्यात भाडं आणि विमाही धरतात. भाड्याचा पुरावा नसेल तर किमतीच्या २० टक्के, आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के धरले जातात. म्हणजे ४०,००० रुपयांच्या रेग्युलेटरवर ८,००० आणि ४५० वाढून ४८,४५० वर हिशोब सुरू होतो. खरं भाडं कमी असेल तर ते वेगळ्या ओळीत लिहून घ्या. इनव्हॉइस अर्ध्या किमतीचा करून घेणारे हुशार नव्हेत. कस्टम्स कायद्याच्या कलम १११(एम) खाली माल जप्त होऊ शकतो, आणि वर कलम ११२ चा दंड.

‘गिफ्ट’ लिहूनही काही साधत नाही. राखी आणि जीवरक्षक औषधं वगळता भेटवस्तूंची शुल्कमाफी डिसेंबर २०१९ मध्येच संपली.

वैयक्तिक वापराच्या मालासाठी ९८०४ हे वेगळं शीर्षक आहे. ते लागू होतं का, हे माल पोस्टाने येतो की कुरिअरने यावरही ठरतं, म्हणून आधी विचारा. स्वतःच्या नावावर दहा रेग्युलेटर मागवून ‘वैयक्तिक’ म्हणू नका.

आता सिलिंडर. तो परदेशातून मागवूच नका, या मतावर आम्ही ठाम आहोत. कोड सोपा आहे: अ‍ॅल्युमिनियमचा ७६१३, पोलादाचा ७३११. पण कोड बरोबर असला म्हणून सिलिंडर सुटत नाही. गॅस सिलिंडर नियम २०१६ प्रमाणे तो नागपूरच्या ‘पेसो’च्या, म्हणजे स्फोटकं आणि दाबाच्या सिलिंडरची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या, मान्यतेचा असावा लागतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याचा डॉट-३एएल किंवा युरोपचा ‘पाय’ (π) चिन्हाचा शिक्का त्या मान्यतेची जागा घेत नाही. सिलिंडर रिकामा आहे, व्हॉल्व्ह काढलाय, हे विमान कंपनीला पुरेल. आयातीच्या परवानगीला पुरत नाही.

आणि सुटला तरी धोका मानेत आहे. आट्यांची मापं दोन: काही सिलिंडरची मान ३/४ इंची एनपीएसएम आट्याची, काहींची मिलिमीटरमधल्या एम २५×२ आट्याची. एम २५ चा व्हॉल्व्ह ३/४ इंची मानेत काही फेरे बसतो, जरा सैल लागतो, तरी हाताला ‘बसला’ वाटतो. २०० बार दाबाने हवा भरताना तोच गोळीसारखा सुटतो. माणसं यात दगावली आहेत. मानेवरचा आणि व्हॉल्व्हवरचा शिक्का जुळल्याशिवाय फिरवू नका. सिलिंडर सेंटरचाच भाड्याने घ्या.

रेग्युलेटरचं तोंडही आधी विचारा. सेंटरचे सिलिंडर योकचे (रेग्युलेटर वरून पकडीने आवळायचा) आहेत की जी ५/८ डिनचे (रेग्युलेटर आट्यांनी आत फिरवायचा)? युरोपातून स्वस्तात मिळालेला ‘नायट्रॉक्स’ (जादा ऑक्सिजनच्या हवेसाठीचा) रेग्युलेटर बहुतेकदा एम २६×२ चा निघतो आणि इथल्या साध्या डिन व्हॉल्व्हवर बसतच नाही. दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, ईएन २५० हा युरोपीय मानकाचा शिक्का बघा. जवळपास ज्या ब्रँडची सर्व्हिस किट मिळत नाही, तो कितीही स्वस्त असला तरी सोडा.

टॉर्चची लिथियम-आयन बॅटरी सुटी मागवली तर तिचा धोकादायक मालाचा क्रमांक यूएन ३४८०, टॉर्चमध्ये किंवा टॉर्चसोबत आली तर यूएन ३४८१. विक्रेत्याने लेबल लावलं नाही तर पार्सल तिकडच्याच विमानतळावर पडून राहतं.

दोनदा तलावात उतरून लगेच पूर्ण किट मागवणाऱ्यांना एवढंच सांगणं: पहिल्या दहा डाइव्हपर्यंत फक्त मास्क घ्या, तोही इथेच, तोंडाला लावून बघून.

स्वतःचं सामान घेऊन मालदीव किंवा थायलंडला जात असाल तर निघतानाच विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या. ते नसेल तर परतताना तुमचा जुना रेग्युलेटर नवी खरेदी समजला जाऊ शकतो. चेक-इनच्या आधी जा, आणि रेग्युलेटरचा फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडायचा भाग) व डाइव्ह कॉम्प्युटर बॅगेत सगळ्यांत वर ठेवा. अधिकाऱ्याला सिरियल नंबर वाचून लिहायचे असतात.