लाईटवरचं जुनं घड्याळ मागे पडतंय? खोलायच्या आधी हे करा

आमचे काका तारवटी (जहाजावर नोकरीला), त्यांनी अमेरिकेतून आणलेलं प्लगचं घड्याळ फोंड्याच्या घरी 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून चालू केलं तर बरोबर तासाला 10 मिनिटं मागे. दोनदा खोलून साफ केलं, तेल घातलं, काही फरक नाही, कारण बिघाड घड्याळात नव्हताच! ह्यात लंबक नाही, चावी नाही, आतली सिंक्रोनस मोटर लाईटच्या हर्ट्झवर (सेकंदाला विजेची किती आवर्तनं होतात त्यावर) फिरते, तिकडे 60 आणि आपल्याकडे 50, म्हणजे दिवसाला 4 तास गेले. ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात.

म्हणून आधी एक दिवस वहीत लिहा. सकाळी मोबाईल बघून वेळ लावा आणि तासातासाला फरक मांडा. फरक दर तासाला सारखाच 10 मिनिटांनी वाढत असेल तर हर्ट्झचं काम. एकदम वीस मिनिटं गेली आणि नंतर ठीक, तर मधे लाईट गेली होती, पावसात आमच्याकडे हे रोजचंच. फक्त इन्व्हर्टरवर असताना चुकत असेल किंवा गुरगुरत असेल तर इन्व्हर्टरवर संशय घ्या. आणि दिवसाला दोन-तीन मिनिटं मागेपुढे झालं तर घड्याळाला हात लावूच नका, ग्रिड (वीजपुरवठ्याचं जाळं) दिवसभर 50 ऐवजी 49.9 हर्ट्झवर राहिली तरी जवळजवळ 3 मिनिटं जातात.

मिनिटकाटा 12 वरून 6 पर्यंत बरोबर उतरतो पण वर चढताना मागे राहतो? मग काटा ढिला झालाय, आतून सटकतोय, नाहीतर तासकाट्याला किंवा काचेला घासतोय.

खोलायचंच असेल तर प्लग काढून, आणि आधी वायर बघा, जुनं रबर आपल्या दमट हवेत तडकतं, तडकलेली दिसली तर बदलल्याशिवाय परत लावू नका प्लीज. तेल घड्याळाचंच, सुईच्या टोकावर येईल एवढंच. खोबरेल तर अजिबात नको, ते चिकट होऊन सगळं धरून बसतं.

हर्ट्झसाठी 50 हर्ट्झची मोटर मिळाली तर उत्तम, आम्हाला नाही मिळाली. आम्ही 120 व्होल्ट 60 हर्ट्झ देणारा प्युअर साइन वेव्ह कन्व्हर्टर (व्होल्टेजबरोबर हर्ट्झही बदलून सरळ लाईटसारखीच वीज देणारा डबा) लावला, असं घड्याळ जेमतेम दोन-चार वॅट खातं त्यामुळे सगळ्यात लहान घेतला तरी पुरतो.