पॅकमॅन पुन्हा खेळायला घेताना

शाळा सुटली की पाठीवरचं दप्तर न उतरवताच मी व्हिडिओ गेमच्या मशीनपुढे उभा राहायचो. मुठीतलं नाणं घामाने ओलं झालेलं असायचं. पॅकमॅन, म्हणजे चक्रव्यूहात ठिपके खात भुतांपासून पळणारं पिवळं तोंड, आला 1980 साली आणि आजही तो तितकाच सुंदर खेळ आहे. इतक्या वर्षांनी पुन्हा हात लावणार असाल, तर सुरुवात दांडीपासून, म्हणजे जॉयस्टिकपासून करा.

दांडी आवळू नका. वरचा गोळा अंगठा आणि दोन बोटांत हलका धरा. वळण यायच्या जरा आधीच दांडी त्या दिशेला दाबून ठेवा. पॅकमॅन कोपरा कापून वळतो, भुतांना ते जमत नाही. दर वळणाला केसभर आघाडी मिळते, आणि जीव वाचतो तो त्यावरच! हे मला शेजारी उभ्या राहणाऱ्या एका मोठ्या मुलाने माझं मनगट धरून शिकवलं होतं. ती पकड अजून आठवते.

मग भुतं ओळखा. लाल थेट मागे लागतं. गुलाबी तुमच्या तोंडापुढच्या चार घरांवर नेम धरतं. नारिंगी जवळ आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं, त्याला फार घाबरू नका. फारच अडचण झाली तर बाजूच्या बोगद्यात शिरा, तिथे भुतांचा वेग मंदावतो.

मोठी गोळी मात्र घाईने खाऊ नका. ती खाल्ली की थोडा वेळ भुतंच तुम्हाला खाता येतात, म्हणून चारही भुतं जवळ येईपर्यंत थांबा. एकामागोमाग खाल्लेल्या भुतांचे 200, 400, 800, 1600 असे गुण चढत जातात.