संस्थापकांच्या स्मृत्यर्थ कार्यक्रम करताय? सल्लागार फर्मनी या चुका टाळा

फर्मचे संस्थापक गेले की पहिले दोन दिवस फोटो, हार आणि सभागृह यांतच जातात. सर्वांत महाग चूक मात्र त्याच वेळी ऑफिसच्या ड्रॉवरपाशी होते. साहेबांचा डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) तिथे असतो, पासवर्ड दोघातिघांना माहीत असतो आणि ‘एवढा एक फॉर्म जाऊ दे’ म्हणून तो मशीनला लागतो. पुढे त्या क्लायंटची चौकशी निघाली, की मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख आणि सहीची वेळ शेजारी शेजारी मांडली जातात. टोकन त्याच दिवशी पाकिटात सीलबंद करा आणि दाखला मिळताच प्रमाणपत्र देणाऱ्या कंपनीकडे अर्ज करून ते रद्द करून घ्या. किती क्लायंटच्या सरकारी कर-पोर्टलवरच्या खात्यांना साहेबांचाच मोबाइल नंबर लावलेला आहे याची यादी काढा आणि प्रत्येक ठिकाणी क्लायंटचा स्वतःचा नंबर लावून घ्या. त्यांच्या नावाने आपोआप जाणारे वाढदिवसाचे संदेशही आठवणीने थांबवा. तेराव्याच्या आत कुणाला तरी ‘आपला शुभेच्छुक’ म्हणून तो संदेश पोचतोच.

लेटरहेडवर दोन्ही टोकांच्या चुका होतात. कोणी भागीदारांच्या यादीत नाव तसेच ठेवतात, तर कोणी पूर्ण पुसून टाकतात. नाव यादीतून काढून वर ‘संस्थापक : कै. …’ असे वेगळे छापणे योग्य. पण त्याआधी करारनामा वाचा. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळी तरतूद नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते. दोघांचीच फर्म असेल तर मागे एकच उरतो आणि एकट्याची भागीदारी असूच शकत नाही. भागीदारांतला बदल जीएसटी नोंदणीत १५ दिवसांत कळवावा लागतो. एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) किंवा कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडे फॉर्म भरायला ३० दिवस मिळतात. इतरांना मुदती पाळायला शिकवणाऱ्या माणसाच्या फर्मला विलंब शुल्क लागावे, हे जरा जास्तच.

तारीख आणि जागा

७, ११ आणि २० या तारखांच्या आदल्या दिवशी सभा ठेवू नका. टीडीएसचा भरणा आणि जीएसटीआर-१ व ३बी ही जीएसटीची विवरणपत्रे यांच्या गडबडीत ऑफिसातली निम्मी माणसे येऊ शकत नाहीत आणि क्लायंटचे अकाउंटंटही. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ऑडिटचा, तो सोडूनच द्या. रविवार दुपार सोयीची वाटते, पण ठाणे-नवी मुंबईत सभा असेल आणि दुरुस्तीचा मेगाब्लॉक ट्रान्स-हार्बरवर आला तर ठाणे-वाशी लोकलच नसते. ब्लॉकचे वेळापत्रक पाहून मगच पत्रिका छापा. वर्षश्राद्ध घरचे तिथीने करतात, फर्मचा स्मृतिदिन तारखेने असतो. दोन्ही एकाच दिवशी येतील असे गृहीत धरून कुटुंबीयांना बोलावू नका.

१२० माणसांसाठी ठाण्याचे गडकरी रंगायतन किंवा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह घेतले, की पुढच्या चार रांगा भरतात आणि मागे अंधार उरतो. ठाण्यात घंटाळीचे सहयोग मंदिर, वाशीचे साहित्य मंदिर अशी सभागृहे आधी विचारा.

फोटो आणि पत्रिका

व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलचा असतो. ३० इंची फ्रेमला तो इंचाला जेमतेम ५३ पिक्सेल देतो, म्हणून चेहरा फुटतो. इंचाला १५० पिक्सेल हवेत, म्हणजे २० × ३० इंचासाठी ३००० × ४५००. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. काच चकचकीत नको, स्टेजचा दिवा नेमका डोळ्यांवर चमकतो. समई फ्लेक्सपासून लांब आणि एसीच्या झोतातून बाहेर ठेवा.

‘श्रद्धांजली’ हा शब्द द् + ध असा लिहायचा. बोर्डवर हमखास ‘श्रध्दांजली’ येते. ‘स्मृतिदिन’ आणि ‘स्मृत्यर्थ’ यांची प्रुफे जुन्या वळणाच्या माणसाकडून तपासून घ्या. जयंतीला श्रद्धांजली नको, अभिवादन म्हणा. ‘कै.’ सगळ्यांना चालत नाही. इतर धर्मीय संस्थापकांसाठी ‘दिवंगत’ लिहा.

भाषणे

इथे फर्मची खरी परीक्षा असते. ‘साहेब नसते तर माझा कारखाना बँकेने ताब्यात घेतला असता’ असे उद्योजक स्वतः बोलला तर तो त्याचा हक्क. तेच भागीदाराने माइकवरून सांगितले की गोपनीयतेचा भंग झाला, आणि दुसऱ्या रांगेत त्याच बँकेचा मॅनेजर बसलेला असू शकतो. नवी मुंबईच्या महापे-रबाळे औद्योगिक पट्ट्यातले पुरवठादार, गिऱ्हाईक आणि स्पर्धक एकाच सभेला येतात. नाव गाळूनही भागत नाही. त्याच पट्ट्यातल्या पावणे गावचा ‘एक रबरवाला’ म्हटले की चौघे ओळखतात. फर्म सीएंची असेल तर संमतीशिवाय क्लायंटची माहिती उघड करणे १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याखाली व्यावसायिक गैरवर्तन ठरते.

स्मरणिकेतल्या प्रत्येक प्रसंगाला क्लायंटची लेखी संमती घ्या, फोनवरचे ‘हो हो’ पुरत नाही. जुने फोटो २०० टक्के मोठे करून पाहा. टेबलावरची उघडी फाइल आणि मागच्या फळ्यावरचे आकडे छपाईत स्पष्ट येतात. सेवांचे माहितीपत्रक खुर्चीवर ठेवायचा मोह आवरा.

वक्ते सहा, प्रत्येकी चार मिनिटे. सर्वांत जुन्या कर्मचाऱ्याला शेवटी ठेवू नका, तोवर वेळ संपलेली असते. दोन मिनिटे स्तब्धतेसाठी घड्याळ एकाच्या हाती द्या. अंदाजाने चाळिसाव्या सेकंदालाच खुर्च्या वाजू लागतात.

निधी

वर्गणी भागीदाराच्या वैयक्तिक यूपीआयवर घेणे ही नेहमीची चूक. नोंदणीकृत न्यास नसेल तर वर्गणी गोळा करण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांकडे जावे लागते. त्यापेक्षा महाविद्यालयाकडे किंवा ग्रंथालयाकडे ठेव ठेवा आणि चेक थेट त्यांच्या नावाने काढा. रोख देणगी २,००० रुपयांच्या वर गेली तर देणगीदाराला तिच्यावर प्राप्तिकर सवलत मिळत नाही.

५ लाखांच्या ठेवीवर ६.५ टक्क्यांनी वर्षाला ३२,५०० रुपये येतात. सगळे वाटून टाकू नका. शिष्यवृत्ती २५,००० ची ठेवा, ७,५०० ठेवीत परत जाऊ द्या. दर ५.५ वर आला तरी २७,५०० येतात आणि शिष्यवृत्ती अडत नाही. निवड कोण करणार, आणि एखाद्या वर्षी पात्र विद्यार्थीच नसला तर रकमेचे काय करायचे, हे पत्रात पहिल्याच दिवशी लिहून घ्या.