सिंथचा बॅकअप सेल बदलताय? आवाज घालवणाऱ्या या चुका टाळा

यामाहा डीएक्स७, रोलँड ज्युनो-१०६, कॉर्ग एम१ अशा ऐंशीच्या दशकातल्या सिंथमध्ये (सिंथेसायझरमध्ये) तुम्ही साठवलेले आवाज, म्हणजे पॅच, रॅममध्ये असतात. प्लग काढल्यावर ती रॅम ३ व्होल्टच्या लिथियम सेलवर, बहुधा नाण्यासारख्या सीआर२०३२ वर, तग धरते. सेल सुटला की आवाज गेले. म्हणून खरं काम सोल्डरिंगच्या आधीच संपवायचं असतं.

बॅकअप घेतला, पण तपासला नाही. सगळ्यात जास्त आवाज इथेच जातात. सिसेक्स डंप (सिंथच्या मेमरीची मिडी केबलवरून पाठवलेली प्रत) कॉम्प्युटरवर आला म्हणजे तो पूर्ण आला असं नाही. स्वस्त यूएसबी-मिडी केबल लांब संदेश मधेच तोडतात. डीएक्स७ च्या ३२ आवाजांची बँक नेमकी ४१०४ बाइटची असते. फाइल त्याहून लहान दिसली तर केबल बदला आणि डंप पुन्हा घ्या. मग खरी परीक्षा: मेमरी प्रोटेक्ट (साठवलेले आवाज बदलू न देणारी सेटिंग) बंद करा, एखादा बिनमहत्त्वाचा आवाज मुद्दाम बिघडवून सेव्ह करा आणि फाइल सिंथला परत पाठवा. तो आवाज पूर्ववत झाला तरच पेचकस हातात घ्या. फाइल जात नसेल तर मिडी चॅनेल, सिसेक्सची परवानगी आणि संदेशांमधलं वेळेचं अंतर तपासा. एम१ सारख्या सिंथवर प्रोग्रॅमसोबत कॉम्बिनेशन, सीक्वेन्स आणि ग्लोबल सेटिंगही घ्यायला विसरू नका. ज्युनो-१०६ चे सगळे पॅच टेप इंटरफेसमधून (कॅसेट रेकॉर्डर जोडायच्या सोयीतून) ऑडिओ म्हणून निघतात; ते रेकॉर्डिंग एमपी३ नव्हे, डब्ल्यूएव्ही ठेवा आणि सिंथच्या व्हेरिफाय सोयीने पडताळा.

सिंथ चालू ठेवून सेल बदलणं. रॅमला वीज मिळत राहील हा तर्क बरोबर आहे, पण उघड्या पॉवर सप्लायवर घरातल्या लाइनचा करंट असतो आणि अर्थिंग असलेल्या सोल्डरिंग आयर्नचं टोक चुकीच्या जागी टेकलं तर चिपही जाते. प्लग काढूनच काम करा.

साध्या सेलला थेट डाग देणं. उष्णतेने सेल फुगतो, गळतो, फुटूही शकतो. टॅबवाला (धातूच्या पट्ट्या आधीच जोडलेला) सेल घ्या, किंवा त्याहून चांगलं म्हणजे होल्डर बसवा. पुढच्या वेळी सोल्डरिंग आयर्न लागणारच नाही. आधी होल्डरच्या पायांचं अंतर आणि वर झाकण बसेल इतकी उंची मोजा. जुना सेल ओढून काढू नका, बोर्डावरचे तांब्याचे पॅड उखडतात. टॅब कापून सेल वेगळा करा, मग उरलेले पाय एकेक करून काढा. ग्राउंडचा पाय उष्णता खेचून घेतो, तिथे थोडं नवं सोल्डर घातलं की जुनं लवकर वितळतं.

चुकीचा सेल. एलआयआर२०३२ रिचार्जेबल असतो, भरल्यावर ४.२ व्होल्टपर्यंत जातो, तो नको. उलट कॉर्ग पॉलिसिक्समध्ये मुळातच रिचार्जेबल निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. तिच्या जागी लिथियम सेल बसवायचा तर चार्जिंगचा मार्ग आधी तोडावा लागतो, नाहीतर साध्या लिथियम सेलमध्ये करंट शिरतो आणि तो धोक्याचा ठरतो. मूळची निकेल-कॅडमियम बॅटरी गळून बोर्ड खाते, म्हणून जुन्या पॉलिसिक्समध्ये बॅटरीपेक्षा आसपासचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) आधी पाहा.

सेल बसवण्यापूर्वी त्याचं व्होल्टेज मोजा: नवा सेल ३ ते ३.३ व्होल्ट दाखवतो. बोर्डावरची अधिक-उणे खूण आणि जुन्या सेलची दिशा फोटोत टिपून ठेवा. सिंथ चालू केल्यावर पडद्यावर अगम्य अक्षरं दिसली तर घाबरू नका, रिकाम्या रॅममधला तो कचरा आहे. मेमरी प्रोटेक्ट बंद करून फाइल पाठवा, सिंथ बंद करा, तासाभराने पुन्हा चालू करा. आवाज जागेवर नसतील तर सेलची दिशा आणि होल्डरचे डाग तपासा.